पाच वर्षांची विनाथांबा

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी अकोल्याला, बैदपुऱ्यात आपाच्या घरी बसलो होतो. समोर दुल्हेभाईंची मापाची वही उघडी होती. टिळक रोडवर त्यांचं शिलाईचं छोटं दुकान आहे. वहीच्या मागच्या पानावर त्या दिवशी छाती, कंबर, बाहीऐवजी फी, खोली, मेस, पुस्तकं असे चार रकाने पडले होते.

माझी भाची बारावी झाली. तिनं विधी शाखेची सीईटी दिली आणि कॅप राउंडमध्ये तिला अमरावतीच्या एका कॉलेजात पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.ला जागा लागली. जागा पक्की करायला तीन दिवस होते. दुसरा रस्ताही होता. अकोल्यातच घरी राहून तीन वर्षांचं बी.ए. करायचं, मग पुन्हा सीईटी देऊन तीन वर्षांची एलएल.बी. करायची. पहिल्या रस्त्यानं पाच वर्षं, दुसऱ्यानं सहा.

दुल्हेभाई म्हणाले, "भाई, तू बोल. तू ये रस्ते से गया हुआ है."

गेलो होतो, पण पोचलो नव्हतो. ते घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर मला बोलावलं होतं. मी अमरावतीत नागपुरी गेटजवळ राहतो, एका खासगी शिकवणीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवतो. दरवर्षी जून-जुलैत पाच-सहा पालक हाच प्रश्न घेऊन येतात. दोन पदव्या एकत्र मिळतात, एक वर्ष वाचतं, मग घ्यावं की नाही? एलएल.बी.ची जागा बी.एड. घेतं, एम.बी.ए. घेतं, एम.एस्सी. घेतं. प्रश्न तोच राहतो. म्हणून त्या रविवारचा हिशेब इथे मांडतो आहे.

एकत्र पदवी आली कुठून

पूर्वी वकील व्हायचं तर आधी पदवी आणि मग कायदा, हाच रस्ता होता. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम हे प्रकरण गेल्या चाळीसेक वर्षांतलं. १९८७ साली बंगळूरला नॅशनल लॉ स्कूल उभं राहिलं, प्राध्यापक माधव मेनन त्याचे पहिले संचालक. संध्याकाळी दोन तास हजेरी लावून वकील होण्याची जी पद्धत पडली होती ती मोडावी, मुलांनी कोवळ्या वयातच कायद्याला वाहून घ्यावं, हा त्यामागचा विचार होता आणि तो चुकीचा नव्हता. तिथून निघालेली मुलं मोठ्या लॉ फर्ममध्ये गेली, सुप्रीम कोर्टात उभी राहिली. पुढे राज्याराज्यांत तशी विद्यापीठं निघाली. आपल्या जवळचं नागपूरचं.

त्यांची बरोबरी करायची म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कॉलेजांनीही पाच वर्षांचे वर्ग काढले. नाव तेच, पदवी तीच, बार कौन्सिलचा नियम तोच. फरक शेवटच्या पायरीवर पडतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठात वर्षाचा खर्च दोन लाखांच्या वर जातो, पण बाहेर पडताना दारात कंपनी उभी असण्याची आशा तरी असते. अमरावती-अकोल्याच्या पोरीसमोर जिल्हा न्यायालयाचं आवार उभं असतं. तिथे पहिल्या वर्षी ज्युनिअरला किती मिळतं, हे कुठल्याही वकिलाला विचारा. तो आधी हसेल.

तेव्हा एक वर्ष वाचलं, असं म्हणताना त्या वाचलेल्या वर्षाची किंमत आपल्या गावच्या बाजारभावानं लावायला हवी, बंगळूरच्या नाही.

मापाच्या वहीतला हिशेब

आम्ही वहीत जे लिहिलं ते असं. आकडे आमच्या घरचे आहेत. तुमच्या कॉलेजचे तुम्ही घाला.

अमरावतीचा रस्ता. फी वर्षाला २०,००० धरली, पाच वर्षांचे १,००,०००. खोली आणि मेस महिन्याला ५,०००, वर्षातले दहा महिने, म्हणजे ५०,०००. पाच वर्षांचे २,५०,०००. पुस्तकं, परीक्षा, येणं-जाणं वर्षाला १०,०००, एकूण ५०,०००. बेरीज चार लाख.

अकोल्याचा रस्ता. बी.ए.ची तीन वर्षं, फी-पुस्तकं-ऑटो धरून वर्षाला ८,०००, म्हणजे २४,०००. मग एलएल.बी.ची तीन वर्षं, फी १२,००० आणि बाकी खर्च १०,०००, म्हणजे वर्षाला २२,००० प्रमाणे ६६,०००. बेरीज ९०,०००.

दुल्हेभाईंनी घरच्या जेवणाचाही रकाना पाडला होता. आपानं त्यांच्या हातातला पेन काढून घेतला. "बेटी के रोटी का हिसाब नहीं होता," ती म्हणाली. रकाना कापला गेला.

चार लाख आणि नव्वद हजार. इथेच खरं तर वही मिटायला हवी होती. पण २०२४-२५ पासून राज्य सरकारनं एक मोठी गोष्ट केली आहे, ती आपल्या मोहल्ल्यांत अजून पुरती पोचलेली नाही. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा. संस्थेच्या कोट्यातून पैसे मोजून घेतलेल्या जागेला ही माफी नाही.

मुसलमान मुलगी यात बसते का? बसते, पण कागद हवा. आपल्यातल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसीच्या यादीत आहेत. अडचण अशी की आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या जागी नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं, आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. दाखल्यात जात नाही, म्हणून यादीत असूनही हातात प्रमाणपत्र नाही. ज्यांची बिरादरी कुठल्याच आरक्षणाच्या यादीत नाही त्यांना ईडब्ल्यूएसचा रस्ता आहे. दुल्हेभाईंचं घर त्या दुसऱ्या वर्गातलं. सेतू केंद्राच्या चार फेऱ्या आणि दोन दिवस दुकान बंद, एवढ्यावर त्यांचं काम झालं. ज्यांचं काम बारावीच्या निकालानंतर सुरू होतं त्यांची तारीख निघून जाते. दहावीचा निकाल लागला की कागद गोळा करायला लागा, एवढं मी प्रत्येक घराला सांगतो.

माफी धरून पुन्हा बेरीज केली. अमरावतीचे तीन लाख. अकोल्यात बी.ए.ला ही माफी नाही कारण तो व्यावसायिक अभ्यासक्रम नाही, पण पुढच्या एलएल.बी.ला आहे, म्हणून तिथले ५४,०००. फरक दोन लाख शेहेचाळीस हजार.

आता वाचलेल्या एका वर्षाची किंमत. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये शिफारस केली की ज्युनिअर वकिलाला शहरात महिन्याला किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० विद्यावेतन द्यावं. शिफारसच आहे, सक्ती नाही. तरी क्षणभर मानू की आमच्या पोरीला पहिल्या दिवसापासून पूर्ण २०,००० मिळाले. वर्षाचे झाले २,४०,०००. म्हणजे सगळ्यात चांगलं स्वप्न खरं धरलं तरी एक वर्ष वाचवायला जेवढे पैसे जातात तेवढेही ते वर्ष परत करत नाही. आणि आवारातल्या खऱ्या भावानं, पेट्रोलपुरते तीन हजार धरले, तर वर्षाचे ३६,०००.

न्यायाधीश व्हायचं असेल तर? मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे पाच अधिक तीन. ती तीन वर्षंही घरानंच चालवायची आहेत. एक दिलासा मात्र मिळाला. सनद घ्यायला राज्यांच्या बार कौन्सिल पूर्वी हजारो रुपये घ्यायच्या. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नोंदणीचं शुल्क ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५.

कर्जाचं गणित

मध्येच शेजारचे एक काका आले. ते म्हणाले, एज्युकेशन लोन घ्या, आता सगळेच घेतात. दुल्हेभाई गप्प झाले. त्यांना ब्याज नको. मी कुणाला फतवा द्यायला बसलेलो नाही. हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा मामला आहे. पण त्यांच्या नकाराला मागासलेपणा म्हणणाऱ्यांनी एकदा नुसतं अंकगणित करून पाहावं.

वर्षाला ६०,००० असे पाच वर्षांत तीन लाख उचलले. व्याज दहा टक्के धरू, तेही सरळ. हप्ते सुरू होणार शिक्षण संपल्यावर एका वर्षानं. पहिल्या वर्षी उचललेल्या साठ हजारांवर सहा वर्षांचं व्याज चढतं, दुसऱ्यावर पाच, मग चार, तीन, दोन. सगळी मिळून वीस वर्षं, दर वर्षाचे सहा हजार, म्हणजे एक लाख वीस हजार. पहिला हप्ता भरायच्या आधीच तीन लाखांचे चार लाख वीस हजार झाले. हाच हिशेब तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी वर्षाला वीस हजार उचलून केला तर साठ हजारांवर अठरा हजार चढतात.

अभ्यासक्रम जितका लांब आणि एकसलग, तितकं पहिल्या वर्षाचं कर्ज जास्त काळ शिजत राहतं. एकत्र पदवीची जाहिरात वाचलेलं वर्ष दाखवते, हे शिजणं दाखवत नाही. सरकारची अल्पसंख्याक महामंडळाची कमी व्याजाची योजना आहे, बँकेच्या आधी तिची चौकशी जरूर करावी. पण ती मिळेलच असं धरून जागा पक्की करू नये.

मधे उतरता येत नाही

आता माझी गोष्ट. थोडक्यातच सांगतो.

२००९ साली मीही बारावीनंतर अशाच पाच वर्षांच्या वर्गात नाव घातलं. कॉलेजचं नाव घेत नाही, त्यात कॉलेजचा दोष नव्हता. अब्बा जिनिंगमध्ये कामाला होते. माझं पाचवं सत्र चालू असताना त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. घरी मी मोठा. मी कॉलेज सोडलं आणि कापसाच्या हंगामात त्यांच्याच जागी काट्यावर उभा राहिलो.

वर्षभरानं जरा श्वास मिळाला. तेव्हा वाटलं, अडीच वर्षं शिकलो, तीन वर्षं पुरी केली तर निदान बी.ए. तरी हातात येईल. कॉलेजच्या बाबूंनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि नियम दाखवला. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की एकत्र पदवीच्या अभ्यासक्रमात मधूनच प्रवेश नाही, आणि मधल्या टप्प्यावर पदवी तोडून देऊन बाहेर पडणंही नाही. पाच वर्षं पुरी केली तर दोन पदव्या. साडेचार केली तर एकही नाही. माझ्याकडे चार सत्रांच्या गुणपत्रिका होत्या आणि मी कागदावर बारावी पास होतो.

मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, पहिल्या वर्षापासून. जे राज्यशास्त्र मी आधीच शिकलो होतो तेच पुन्हा शिकलो. आज तेच शिकवून पोट भरतो, तेव्हा अगदीच वाया गेलं असं म्हणत नाही. पण माझ्याबरोबर साधं बी.ए. केलेल्या मित्रांनी त्या वर्षांत तलाठ्याचे, पीएसआयचे अर्ज भरले. त्या अर्जांना पदवी लागते. मी अर्ज विकत घेऊन शकलो नाही असं नाही, भरू शकलो नाही.

अकोला-अमरावती हा रस्ता आपल्याला पाठ आहे. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना असं ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तासांत झालं आणि गिनीज बुकात नाव गेलं. त्या रस्त्यानं साधी एसटी गेली तर मूर्तिजापूरला थांबते. कुणाला उलटी होत असेल, कुणाचं पोर रडत असेल, उतरता येतं. मागून येणारी गाडी पकडता येते. विनाथांबा गाडी लवकर पोचवते, पण मधे काही झालं तर उतरायला जागा नाही. तीन अधिक तीन ही थांबे घेणारी गाडी आहे. बी.ए. हा तिचा मूर्तिजापूर.

श्रीमंताला थांब्याची गरज नसते. त्याचा बाप आजारी पडला तरी फी भरली जाते. थांबा लागतो तो आपल्यासारख्यांना. आणि गंमत पाहा, नवीन शैक्षणिक धोरण येता-जाता 'कधीही बाहेर पडा, कधीही परत या' असं सांगतं. एका वर्षानं प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. साध्या बी.ए.ला हे सगळं आहे. कायद्याच्या पाच वर्षांना नाही. त्या धोरणानं सुचवलेल्या एकछत्री आयोगातूनही वैद्यकीय आणि विधी शिक्षण बाहेरच ठेवलं आहे.

हे सगळं मी त्या रविवारी सांगितलं. दुल्हेभाईंनी वही मिटली. आपानं चहा टाकला. निकाल लागल्यासारखाच होता.

भाचीचं म्हणणं

भाची इतका वेळ दारात उभी होती. ती म्हणाली, "मामू, तुम्ही थांब्याचं बोललात. पण थांब्यावर फक्त उतरता येत नाही. उतरवतात पण."

मी म्हटलं, म्हणजे?

"बी.ए. झालं की मी एकवीसची होईन. तेव्हा माझ्या हातात सीईटीचा फॉर्म कुणी देणार नाही. माझा बायोडाटा भरतील."

आपा काही बोलली नाही. ती स्वतः बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिचं लग्न झालं. त्या वर्षी मी शाळेत होतो आणि बिर्याणीवर खूश होतो.

भाचीचं म्हणणं मी घरी येऊन दोन दिवस मनात फिरवत राहिलो. तिचं खरं होतं. माझा अनुभव एका मुलाचा होता. मला घरच्या आपत्तीनं खाली उतरवलं. मुलींना आपत्ती लागत नाही. चांगलं स्थळ पुरतं. पदवी हा आपल्या घरांतून मुलीला उतरवण्याचा सगळ्यात सभ्य थांबा आहे. "डिग्री झाली, आता काय" असं म्हणायला सगळे मोकळे होतात. पाच वर्षांच्या वर्गात मात्र तिसऱ्या वर्षी कुणी तसं म्हणालं तर मुलीकडे उत्तर असतं: आत्ता सोडलं तर हातात काहीच नाही. जो नियम मला बुडवून गेला तोच तिला धरून ठेवणारा दोर होता.

मी हे आधी कधी त्या बाजूनं पाहिलं नव्हतं, हे कबूल करतो. तरी एक धोका मी तिला फोनवर सांगितलाच. दोर तुटला तर? लग्न ठरवणारे नियम वाचून लग्न ठरवत नाहीत. तेव्हा तुझ्या हातात माझ्यासारख्याच गुणपत्रिका राहतील.

यावर एक उपाय आहे, आणि तो मुद्दाम लिहितो कारण फार थोड्यांना माहीत आहे. बार कौन्सिलच्या त्याच २००८ च्या नियमांत एकाच वेळी दोन नियमित अभ्यासक्रमांना मनाई आहे, पण विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राच्या अभ्यासक्रमाला त्यातून सूट दिलेली आहे. २०२२ मध्ये यूजीसीनंही एक पदवी वर्गात बसून आणि दुसरी दूरशिक्षणानं, अशा दोन पदव्या एका वेळी करायला परवानगी दिली. म्हणजे पाच वर्षांच्या कायद्यासोबत मुक्त विद्यापीठाचं बी.ए. करता येतं. तीन वर्षांनी एक पदवी हातात राहते. स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरता येतो, आणि गाडी मधेच बंद पडली तर माणूस बारावी पास राहत नाही. आधी कॉलेजला लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या, मगच नाव घाला.

अभ्यास वाढतो, हे खरं. आणि यातला विनोदही लपत नाही. एका बी.ए.ची खात्री म्हणून मुलीनं दुसरं बी.ए. करायचं! ज्या नियमामुळे विद्यार्थ्याला आपल्याच पदवीचा विमा उतरवावा लागतो तो नियम बदलायला हवा. तीन वर्षांचे विषय पुरे करणाऱ्याला बी.ए. द्या; कायद्याची सनद देऊ नका, ती कुणी मागत नाही. वकिलीचा दर्जा त्यानं कसा घसरतो, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

खाटेचा प्रश्न

आता वहीकडे परत या. माफीनंतर अमरावतीच्या तीन लाखांत अडीच लाख कशाचे होते? खोली आणि मेसचे. पदवीचे नव्हतेच. सरकारनं शुल्क माफ केलं, चांगलं केलं. पण आमच्या पोरीला अमरावती महाग पडत होती ती कॉलेजामुळे नाही, खाटेमुळे.

ही गोष्ट आपल्या वऱ्हाडात एका माणसाला फार आधी कळली होती. पंजाबराव देशमुख विलायतेत बॅरिस्टर झाले आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेटही घेऊन आले. दोन पदव्यांचं ओझं काय असतं ते त्यांना माहीत होतं. अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि १९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था. खेड्यातल्या पोराला आधी झोपायला जागा आणि दोन वेळची भाकर हवी, मग पुस्तक, हे त्यांच्या कामातून दिसतं. आज राज्याची वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना त्यांच्याच नावानं आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना ती मिळते. 

आणि आपण? आपला मोहल्ला दरवर्षी गुणगौरव करतो. स्टेज, हार, बॅग, पाचशेचं पाकीट, फोटो. पुढच्या वर्षी नवी पोरं, नवा फोटो. जकातीचा पैसा कुठे द्यावा हे मी सांगणारा कोण, ते उलेमांना विचारा. पण जो पैसा शिक्षणासाठी म्हणून गोळा होतोच, त्याबद्दल एक मागणी आहे. पन्नास मुलांना एकदा देण्यापेक्षा पाच मुलींना पाच वर्षं द्या. लांब अभ्यासक्रमाला एकदाची मदत पुरत नाही. दुसऱ्या वर्षी ती थांबली तर पहिल्या वर्षाचे पैसेही बुडतात. दहा घरांची एक भिशी एका खोलीचं भाडं सहज भरू शकते. कर्ज-ए-हसना म्हणून द्या, वकील झाल्यावर परत करेल. दोन लग्नांतली रोषणाई कमी केली तर एका मुलीची पाच वर्षांची खाट उभी राहते, हे मी अंदाजानं नाही, मंडपवाल्याचं बिल पाहून सांगतो आहे.

त्या रविवारी मी दुल्हेभाईंना म्हटलं होतं, "आमच्याकडे राहील की." त्यांनी हात जोडले. "दो कमरों में तुम छे लोग. और बेटी को साले के घर रखूं, लोग क्या बोलेंगे." तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बायकोनं त्यांना स्वतः फोन केला. काय बोलली ते मला सांगितलं नाही. दुपारी बारा वाजता भाचीनं जागा पक्की केल्याचा कागद मला पाठवला.

खोली आणि मेसचे अडीच लाख वजा केले की अमरावतीचा रस्ता पन्नास हजारांवर येतो, अकोल्याच्या चोपन्न हजारांपेक्षाही खाली. जेवणाचा रकाना आमच्याकडेही कापला आहे.

पण यावरून एकत्र पदवी स्वस्त असते, असा अर्थ काढू नका. प्रत्येकीचा मामू अमरावतीत नसतो. ज्या पालकाकडे खाट नाही, जवळ निदान एका वर्षाच्या खर्चाची शिल्लक नाही, आणि घरात एकच कमावता माणूस आहे, त्याला मी आजही सांगेन: मुलगा असेल तर थांबे घेणाऱ्या गाडीत बसवा. मुलगी असेल तर आधी तिला विचारा, बी.ए.नंतर तिला पुढे जाऊ देणार आहात का. खरं उत्तर 'हो' असेल तर अकोला बरं. उत्तर देताना तुम्ही नजर चुकवली, तर तिला विनाथांब्यात बसवा आणि सोबत मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरा.

भाची आता आमच्या बाहेरच्या खोलीत झोपते. तिची लोखंडी खाट अकोल्याहून एसटीच्या टपावरून आली. रात्री उशिरापर्यंत तिथला दिवा चालू असतो. माझ्या धाकट्याची कुरकुर चालते, उजेडात झोप येत नाही म्हणून. मी त्याला म्हणतो, चादर डोक्यावरून घे. पाच वर्षांचा प्रश्न आहे.